पंपाला वेळ लावून देताना: घरातील हायड्रोपोनिक्सचे स्वयंचलित पाणी

हायड्रोपोनिक्समध्ये, म्हणजे मातीविना, खते विरघळवलेल्या पाण्यावर (द्रावणावर) रोपे वाढवताना, पंपासाठी टायमर विकत घेण्यापूर्वी दोन प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून काढावीत. पंप बंद पडला तर रोपे किती वेळ तग धरतील, हा पहिला प्रश्न. आणि पंप चालू झाल्यावर बंदच झाला नाही तर पाणी कोठे जाईल, हा दुसरा. कोणता टायमर घ्यायचा, रिले (संकेत मिळताच पंपाची वीज जोडणारा-तोडणारा स्विच) कसा जोडायचा आणि पंप दिवसातून किती वेळा चालवायचा, हे सर्व या दोन उत्तरांवरून ठरते. बहुतेक लोक सुरुवात वेळापत्रकापासून करतात, आणि म्हणूनच पहिल्या बिघाडाला त्यांच्याकडे उत्तर नसते.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मुळांभोवती काय आहे यावर अवलंबून असते. मुळे द्रावणात कायम बुडालेली असतील तर पाण्याच्या पंपाला वेळापत्रक लागतच नाही. तेथे हवेचा पंप चोवीस तास चालू राहणे महत्त्वाचे, कारण कोमट पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो (२० अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना सुमारे साडेसात). पन्हळीतून द्रावणाचा पातळ थर वाहता ठेवणाऱ्या एनएफटी पद्धतीत मुळांना साठा असा नसतोच, त्यामुळे पंप सतत चालवणे किंवा फार तर १५ मिनिटे चालू आणि १५ मिनिटे बंद ठेवणे एवढीच मोकळीक मिळते. भरती-ओहोटी पद्धतीत ट्रे भरतो आणि रिकामा होतो. त्यात भाजक्या मातीचे गोळे असतील तर ते काही तास ओल धरतात, आणि कोकोपीट असेल तर त्याहून पुष्कळ अधिक वेळ.

भरती-ओहोटीचे वेळापत्रक ठरवताना आधी स्टॉपवॉच हाती घ्यावे. पंप सुरू केल्यापासून पाणी उतू नळीच्या (जादा पाणी टाकीत परत नेणाऱ्या उभ्या नळीच्या) तोंडाशी पोहोचेपर्यंत लागणारा वेळ, आणि पंप बंद केल्यापासून ट्रे पूर्ण रिकामा होण्याचा वेळ, असे दोन्ही मोजावेत. पंपाच्या खोक्यावर छापलेला लिटरचा आकडा शून्य उंचीचा असतो. पाणी वर चढवायचे म्हटले की तो बराच घटतो, त्यामुळे गणितापेक्षा मोजणीवर विसंबावे. माझ्या ट्रेला भरायला चार मिनिटे आणि रिकामे व्हायला सात मिनिटे लागतात, म्हणून मी पंप सहा मिनिटे चालवतो. गोळ्यांच्या माध्यमात रोपांवरचे दिवे लागलेले असताना दर दोन ते तीन तासांनी एक भरती, आणि अंधारात एखादीच किंवा एकही नाही, ही सुरुवातीसाठी चांगली जुळणी आहे. दिवे बंद असताना पानांतून बाष्पोत्सर्जन मंदावते आणि मुळांना पाण्यापेक्षा हवेची गरज अधिक असते. म्हणून पंपाचे वेळापत्रक घड्याळाशी नव्हे, तर दिव्यांच्या वेळापत्रकाशी बांधावे.

कोकोपीटमध्ये ठिबक असेल तर माझा भरवसा वजनकाट्यावर आहे. कुंडीला भरपूर द्रावण देऊन निथळू द्यावे आणि वजन करावे. मग दर दोन तासांनी वजन करत राहावे आणि किती ग्रॅम उतरल्यावर पाने मलूल दिसू लागतात ते पाहावे. त्याच्या बऱ्याच अलीकडे, म्हणजे साधारण निम्मी घट झाल्यावर, पुढचे पाणी द्यावे. दोन धातूच्या काड्या खुपसायच्या स्वस्त ओलावा संवेदकांच्या नादी लागू नये; क्षारयुक्त द्रावणात त्या गंजतात. कॅपॅसिटिव्ह (धातू उघडा नसलेले) संवेदक कोकोपीटमध्ये बरे चालतात, पण गोळ्यांमधल्या पोकळ्यांत त्यांचे वाचन निरर्थक ठरते.

आता टायमर. खिट्ट्या दाबायच्या यांत्रिक टायमरवर सहसा ९६ खिट्ट्या असतात आणि प्रत्येक खिटी १५ मिनिटांची असते. सहा मिनिटांची भरती त्यावर लावताच येत नाही. उतू नळी भरणाऱ्या नळीपेक्षा स्पष्टपणे रुंद असेल तर जादा नऊ मिनिटांनी बिघडत नाही, पाणी फिरून टाकीतच येते. मात्र वीज गेली की हा टायमर थांबतो आणि परत आली की तेवढाच मागे पडतो, हे लक्षात ठेवावे. आतल्या बॅटरीवर वेळ राखणारा, मिनिटांच्या हिशेबाने चालणारा डिजिटल टायमर बहुतेकांना पुरतो. सेकंदांत मोजावे लागणारे ठिबक किंवा फवारा असेल, किंवा टाकीची पातळी पाहून पंप थांबवायचा असेल, तरच ईएसपी३२ सारख्या प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या नियंत्रकाकडे वळावे.

नियंत्रक वापरायचा तर घड्याळासाठी डीएस३२३१ मॉड्यूल जोडावे. नाण्याएवढ्या बॅटरीवर ते वीज गेली तरी वेळ राखते. वेळापत्रक नियंत्रकातच साठवावे, इंटरनेटवर नव्हे. मोबाइलवरून पंप चालवण्यात मौज आहे, पण राउटर रुसला म्हणून रोपे तहानलेली राहता कामा नयेत. प्रोग्रॅम लिहिताना ‘सहा मिनिटे थांब’ अशी आज्ञा देऊ नये, कारण त्या सहा मिनिटांत नियंत्रक दुसऱ्या कशाकडेच पाहत नाही. त्याऐवजी पंप सुरू झाल्याची वेळ नोंदवून प्रत्येक फेरीत किती वेळ झाला ते तपासावे, आणि त्याच फेरीत फ्लोट स्विचही (टाकीतील पातळीबरोबर तरंगत वर-खाली होणारा स्विच) पाहावा. काही झाले तरी पंप दहा मिनिटांहून अधिक चालणार नाही, अशी कमाल मर्यादा वेगळी लिहून ठेवावी. अनेक रिले मॉड्यूल इनपुटचे व्होल्टेज शून्याकडे नेल्यावर चालू होतात, त्यामुळे नियंत्रक जागा होताना पंपाला क्षणभर झटका बसत नाही ना, हे आधी पंपाऐवजी दिवा जोडून पाहावे.

रिलेच्या जोडणीत सुरुवातीच्या दोन प्रश्नांचा खरा उपयोग होतो. भरती-ओहोटीत नियंत्रक मेला तर पंप बंद राहिलेला बरा, म्हणून पंप रिलेच्या एरवी उघड्या असणाऱ्या संपर्कावर जोडावा. एनएफटीमध्ये नेमके उलट करावे: पंप एरवी जुळलेल्या संपर्कावर ठेवावा, म्हणजे नियंत्रक गप्प झाला तरी पाणी वाहतच राहील. अशा वेळी कोरड्या टाकीत पंप जळू नये म्हणून फ्लोट स्विचने चालणारा दुसरा रिले पंपाच्या तारेत एकसर जोडावा. छोट्या फ्लोट स्विचमधून पंपाचा प्रवाह थेट नेऊ नये. त्याचे नाजूक संपर्क चिकटून बसतात. शक्य तेथे १२ व्होल्टचा पंप घ्यावा, आणि मुख्य विजेवरचा असेल तर ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीमागेच (वीज गळू लागताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचमागेच) लावावा. प्रत्येक तारेला सॉकेटच्या खाली एक झोळ द्यावा, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी सॉकेटकडे न जाता झोळाच्या तळाशी ठिबकेल.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी जमीन पुसताना शिकलो. पंप वेळेवर सुरू झाला होता आणि वेळेवर बंदही. पण लेट्यूसच्या पांढऱ्या मुळांचा बोटभर जाड गुंता उतू नळीत शिरून बसला होता आणि पाण्याने ट्रेच्या काठावरून वाट काढली. टायमर निर्दोष होता. तेव्हापासून उतू नळीच्या तोंडावर भोकांची टोपी आहे, आणि ट्रेच्या काठाखाली दुसरा फ्लोट स्विच लावलेला आहे, जो चढला की पंप थांबतो. ठिबकाचे तोंड टाकीतील पातळीहून खाली असेल तर पंप थांबल्यावरही सायफनने पाणी वाहत राहते. त्यासाठी नळीला टाकीच्या आत, पण पातळीच्या वर, एक बारीक भोक पाडावे.

टाकीत पाणी भरणेही स्वयंचलित करता येते, पण ती थेट नळाला जोडू नये. उंचावर साध्या पाण्याची बादली ठेवून तिच्यातून फ्लोट व्हॉल्व्हमार्गे टाकी भरावी, आणि बादलीतले सगळे पाणी एकदम आले तरी टाकीत मावेल एवढी जागा ठेवावी. भर साध्या पाण्याचीच घालावी, कारण पाणी क्षारांपेक्षा लवकर संपते आणि द्रावण तीव्र होत जाते. पीएच ५.५ ते ६.५ मध्ये राखण्याचे काम मात्र मी अजून हातानेच करतो. पीएचची कांडी हळूहळू चुकीचे वाचू लागते, आणि चुकीच्या वाचनावर आम्ल ओतणारा पंप एका रात्रीत सगळी मुळे जाळू शकतो.

पहिला आठवडा यंत्रणा साध्या पाण्यावर, रोपांशिवाय चालवावी. त्यात एकदा मुद्दाम वीज बंद करावी, एकदा टाकीतला फ्लोट स्विच बोटाने खाली दाबून पंप थांबतो का ते पाहावे, आणि एकदा उतू नळीत कापडाचा बोळा कोंबून ट्रेजवळ उभे राहावे. रोपे लावल्यानंतर हीच तपासणी दर महिन्याला, टाकी बदलण्याच्या दिवशी करावी. फ्लोटवर क्षारांचा थर साचून तो अडकतो, आणि तो अडकला आहे हे बाहेरून अजिबात दिसत नाही.