युद्ध न्याय्य आहे का, हे कसं तपासावं

एखाद्या देशाने युद्ध पुकारलं की मी माझ्या नागरिकशास्त्राच्या वर्गाला एकच प्रश्न वहीत लिहायला लावते: नेमकं काय झालं की हे युद्ध थांबेल? सरकारला एका वाक्यात उत्तर देता येत नसेल, तर पुढचं सगळं संशयानेच वाचा.

इराकने 2 ऑगस्ट 1990 रोजी कुवेत गिळंकृत केलं. सुरक्षा परिषदेने त्याच दिवशी माघार घ्यायला सांगितलं, मग निर्बंध लादले, मग ठराव 678 करून 15 जानेवारी 1991 ची मुदत दिली. ती उलटल्यावर अमेरिकेच्या नेतृत्वाखाली अनेक देशांच्या फौजा इराकशी लढल्या. उद्दिष्ट साधं होतं, कुवेतची मुक्तता. ती झाली आणि लढाई थांबली. तरी बगदादच्या अमिरिया भागात लोक आसऱ्याला बसले होते, तिथे अमेरिकेचे बॉम्ब पडून शेकडो नागरिक मेले. म्हणून युद्धाचं कारण आणि लढण्याची रीत वेगवेगळी तपासा. कारण योग्य होतं म्हणून त्या मृत्यूंचा हिशेब मिटत नाही.

आता पुरावा. 2003 मध्ये त्याच इराकवर, त्याच्याकडे संहारक अस्त्रं असल्याचं सांगून, अमेरिका आणि मित्रदेशांनी हल्ला केला. अस्त्रं शोधणारे संयुक्त राष्ट्रांचे निरीक्षक आणखी काही महिने मागत होते, ते मिळाले नाहीत. अस्त्रंही सापडली नाहीत. ‘वेळ नाही’ असं कुणी म्हणालं की विचारा, थांबल्याने नेमकं काय बिघडेल?

हल्ला झाल्यावर स्वसंरक्षणाचा हक्क संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचं कलम 51 देतं. मात्र सुरक्षा परिषदेला लगेच कळवावं लागतं. शत्रू पुढेमागे बलवान होईल, ही भीती त्यात बसत नाही. नरसंहार चालू असताना परिषद हातावर हात ठेवून बसली, जशी 1994 मध्ये रवांडाबाबत बसली, तर? माझ्या मते तेव्हा परवानगीवाचून धावून जाणंही समर्थनीय ठरतं, पण कत्तल थांबवण्यापुरतंच.

शांतता टिकेल का, हे भांडणाआधीच्या व्यवस्थेवरून ओळखा. फ्रान्स आणि पश्चिम जर्मनीने 1951 च्या करारात आणखी चार देशांसह कोळसा-पोलाद सामायिक नियंत्रणाखाली आणलं. गुपचूप शस्त्रं जमवणं अवघड झालं. क्यूबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरून अमेरिका आणि सोव्हिएत संघ अणुयुद्धाच्या उंबरठ्यावर आले होते, त्या पेचप्रसंगानंतर 1963 मध्ये वॉशिंग्टन-मॉस्को थेट संपर्कयंत्रणा सुरू झाली. लवाद नेमलेला असला तरी खोलात जा: दक्षिण अमेरिकेच्या टोकाकडच्या बीगल खाडीतल्या बेटांचा निवाडा अर्जेंटिनाने धुडकावला आणि 1978 मध्ये चिलीशी युद्ध तोंडावर आलं. पोपची मध्यस्थी दोघांनी मान्य केली, 1984 मध्ये करार झाला. तेव्हा मध्यस्थ कोण यासोबत हेही पाहा, की विरोधात गेलेला निकाल दोन्ही देश पाळतील का.