लहान जातीचं पिल्लू घरभर शू करतंय? या चुका टाळा

लॅब्राडॉरच्या पिल्लानं हॉलमध्ये शू केली की घरात आरडाओरडा होतो, बादली-फडकं येतं, सगळे कामाला लागतात. शिह त्झूचं पिल्लू सोफ्यामागे जाऊन बशीएवढं थारोळं करून येतं आणि कुणाच्या लक्षात यायच्या आत ते वाळूनही जातं. लक्षात आलं तरी 'एवढुसं तर आहे, शिकेल हळूहळू' म्हणून टिश्यूनं टिपलं जातं. मग ते वर्षाचं झालं तरी घरातच करतं आणि 'या छोट्या जाती हट्टीच असतात' असा शिक्का बसतो. हट्टीपणा थोडाफार असतोही, डॅशहंडच्या बाबतीत तर नक्कीच. पण बहुतेक घरांत खरी अडचण ही असते की थारोळं लहान म्हणून दुर्लक्षही मोठं होतं, आणि तोवर पिल्लाची सवय पक्की होऊन जाते.

पहिल्याच दिवशी सगळं घर मोकळं

सर्वांत महागात पडणारी चूक हीच. दोन महिन्यांच्या पॉमेरेनियनला टू बीएचके म्हणजे अफाट पसारा. कुत्री आपली झोपायची-खायची जागा सहसा घाण करत नाहीत, पण पिल्लाच्या लेखी ती जागा म्हणजे त्याची गादी आणि आसपासचे चार-पाच फूट. आतली बेडरूम त्याच्या हिशोबात 'घराबाहेर'च येते. म्हणून ते हॉलमध्ये शहाण्यासारखं वागतं आणि आतल्या पलंगाखाली जाऊन मोकळं होतं.

उपाय साधा आहे, पण घरच्यांना तो निष्ठुर वाटतो. सुरुवातीचे काही आठवडे पिल्लू एक तर तुमच्या नजरेसमोर असावं, नाही तर प्लेपेनमध्ये, म्हणजे जाळीच्या छोट्या कुंपणात. नजरेसमोर म्हणजे त्याच खोलीत, शक्यतो हलका पट्टा लावून. मोबाइल बघत 'लक्ष आहे माझं' म्हणणं यात धरू नका. क्रेट (झोपायचा पिंजरा) वापरत असाल तर तो पिल्लाला उभं राहता येईल, वळता येईल, अंग ताणून झोपता येईल एवढाच हवा. पुढे उपयोगी पडेल म्हणून मोठा घेतला तर ते एका कोपऱ्यात झोपतं आणि दुसऱ्यात शू करतं. आणि दिवसभर क्रेटमध्ये कोंडून ऑफिसला जाणं हे शिकवणं नव्हे. एवढ्याशा पिल्लाला तितका वेळ धरवणारच नाही, आणि झोपायच्या जागीच करावं लागलं की ती घाण करू नये ही उपजत शिस्तही मोडते.

पिंजऱ्यात वाढलेल्या पिल्लांची ही शिस्त बहुधा आधीच मोडलेली असते. त्यांना जास्त वेळ द्यावा लागतो. आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकण्यास २०१७ च्या श्वान प्रजनन व विक्री नियमांनी बंदी आहे. तरीही 'लहान असतानाच घ्या, लवकर लळा लागतो' असं सांगणारे भेटतात. त्यांच्याकडून पिल्लू न घेणंच बरं.

घड्याळ आपलं, मूत्राशय त्याचं

वयाचे महिने अधिक एक, तेवढे तास पिल्लू धरू शकतं, असा एक ढोबळ हिशोब सांगतात. लहान जातींच्या बाबतीत तो जरा उदारच आहे. पिल्लू जागं असताना दर तासाला त्याला जागेवर नेणं हा जास्त खात्रीचा मार्ग. शिवाय झोपून उठल्यावर लगेच, खाल्ल्यावर पाच ते तीस मिनिटांत आणि खेळाच्या मध्येच. खेळणाऱ्या पिल्लाकडे नीट बघा. चेंडूमागे धावताना ते अचानक थांबतं, नाक फरशीला टेकवून वास घेत गोल फिरतं, किंवा कुणाला न सांगता खोलीतून सटकतं. तेवढ्यात उचललंत तर थारोळं टळतं.

रात्री शू करेल म्हणून पाणी तोडणं ही आणखी एक वाईट चूक. झोपायच्या आधी तासभर वाटी उचलली तर हरकत नाही, पण उन्हाळ्यात दिवसभर पाणी मोजून देऊ नका. जेवणाचंही तसंच. चिहुआहुआ किंवा टॉय पॉमसारख्या चिमुकल्या पिल्लांची रक्तातली साखर उपाशी राहिल्यास झपाट्यानं उतरते. पिल्लू सुस्तावतं, लटपटतं, थरथरतं. अशा वेळी हिरड्यांना थोडा मध किंवा ग्लुकोज लावून तडक डॉक्टर गाठावा. थोडं थोडं, दिवसातून तीन-चार वेळा आणि ठरलेल्या वेळी खायला द्या. खायची वेळ पक्की झाली की शीची वेळ आपोआप पक्की होते. दिवसभर वाटी भरून ठेवणाऱ्या घरांत ती कधीच पक्की होत नाही.

जागा रोज बदलणं

सोमवारी बाथरूम, मंगळवारी बाल्कनी, पाऊस आला म्हणून बुधवारी दारातला पेपर. पिल्लानं यातून काय शिकायचं? एक जागा ठरवा आणि निदान महिनाभर ती हलवू नका.

आपल्याकडे बरेच जण बाथरूम निवडतात, कारण एक तांब्या पाणी ओतलं की काम झालं. पण बाथरूमचं दार दिवसातून कितीदा बंद असतं ते मोजा. आंघोळी, कपडे, पाहुणे. पिल्लू दाराशी येतं, क्षणभर थांबतं आणि बाहेरच्या पायपुसण्यावर बसतं. त्यात ओली फरशी घसरते, आणि एकदा पाय सरकला की लहान पिल्लं त्या जागेला बिचकतात. ड्राय बाल्कनी जास्त सोयीची. तिथे कडा असलेला ट्रे ठेवा, त्यात कृत्रिम गवताची चटई किंवा पॅड. कडा मात्र दीड-दोन इंचांहून उंच नको, कारण पगच्या पिल्लाला त्यावर चढणं म्हणजे व्यायामच. वॉशिंग मशीन स्पिनवर असताना त्याला तिथे नेऊ नका. बाल्कनीत तुळस असेल तर कुंडी उंचावर ठेवा. पिल्लांना मोकळी माती फार आवडते, आणि मग आजी आणि पिल्लू यांच्यात जे सुरू होतं ते मिटता मिटत नाही.

रद्दी पेपरची पद्धत वाईट नाही, स्वस्तही आहे. पण मग रविवारची पुरवणी सोफ्याजवळ जमिनीवर टाकून वाचायची सवय सोडावी लागेल. पिल्लू पायांखालच्या पोतावरून जागा ओळखतं. कापडी पॅडची सवय लागलेल्याला बाथमॅट, गालिचा आणि पॅड सारखेच वाटतात. सवय लागेपर्यंत पायपुसणी आणि सतरंज्या उचलून ठेवा.

आणि शब्द एकच ठेवा. आई 'शू कर' म्हणते, दादा 'चल चल' म्हणतो आणि बाबा नुसती चुटकी वाजवतात, असं नको.

फिनेलवर भिस्त

आपल्या नाकाला फिनेलनं जागा स्वच्छ वाटते, पिल्लाला मात्र खालचा वास येतच राहतो आणि ते परत तिथेच येतं. शिवाय फिनेल पंजांना लागतं, पिल्लू पंजे चाटतं. अमोनिया असलेले क्लीनर तर टाळाच, कारण तो वास लघवीच्याच जवळचा. आधी फडक्यानं दाबून टिपा, पाण्यानं पुसा, मग पाळीव प्राण्यांसाठी मिळतो तो एन्झाइम क्लीनर (लघवीचा वासच मोडून काढणारा) ओता आणि बाटलीवर लिहिलेला वेळ तसाच राहू द्या. लगेच पुसला तर पैसे वाया. आधी फिनेल मारलेलं असेल तर ती जागा पाण्यानं दोनदा धुऊन घ्या, नाही तर एन्झाइम काम करत नाहीत. टाइल्सच्या सांध्यांमध्ये लघवी मुरते, तिथे जास्त ओता. डाग सापडत नसेल तर रात्री दिवे घालवून अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारा. सोफ्यामागचं चित्र बघून बरेच जण गप्प होतात. लादी पुसायला येणाऱ्या मावशींनाही हे सांगून ठेवा, नाही तर सकाळी तुमची सगळी मेहनत फिनेलच्या बादलीत जाते.

नाक घासणं, ओरडणं

ही पद्धत अजूनही सांगितली जाते. तिचा उपयोग नाही. ऑफिसातून आल्यावर थारोळं दाखवून ओरडलात तर पिल्लाला ते दोन तासांपूर्वीच्या शूशी जोडता येत नाही. ते कान पाडतं, त्याला तुमचा आवाज कळलेला असतो, चूक नाही. मग ते तुमच्यासमोर करणंच टाळतं, म्हणजे ट्रेवर नेलंत तरी ढिम्म आणि पाठ वळली की पडद्यामागे. काही पिल्लं शी खाऊनही टाकतात. करताना पाहिलंत तर हलकी टाळी वाजवा, उचला, ट्रेवर ठेवा. तिथे उरकलं की त्याच क्षणी, तिथेच खाऊ द्या. स्वयंपाकघरात परत येऊन दिलेला खाऊ त्याला परत आल्याचा वाटतो.

बाहेर कधी न्यायचं

लसींचा पहिला क्रम साधारण सोळा आठवड्यांपर्यंत चालतो. तोवर सोसायटीच्या आवारात, जिथे बाकीची कुत्री फिरतात तिथे खाली सोडू नका. पार्व्हो या जीवघेण्या जुलाब-उलट्यांच्या आजाराचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून लेप्टोचाही (लेप्टोस्पायरोसिस या संसर्गाचा) धोका. पुढे बाहेर न्यायला लागलात की लिफ्टमधून कडेवर न्या, खाली ठेवलेलं पिल्लू तळमजला येईपर्यंत थांबत नाही. शू झाल्या झाल्या घरी वळू नका. फिरणं संपतं हे त्याला पटकन कळतं आणि मग ते मुद्दाम रोखून धरतं. पावसात ओल्या गवताला पोट लागतं म्हणून लहान जाती बाहेर करायला नाखूश असतात, त्यामुळे ट्रे पूर्ण बंद करू नका.

शिकलेलं पिल्लू पुन्हा चुकू लागलं तर

आधी वय बघा. सहा महिन्यांच्या पुढचा नर पाय उचलून टेबलाच्या पायावर चार थेंब सोडत असेल तर ती शू नव्हे, खूण आहे. नसबंदीबद्दल डॉक्टरांशी बोला. मादी पाळीच्या आसपास वारंवार शू करते, ते तेवढ्यापुरतं असतं. तुम्ही घरी आल्यावर आनंदानं किंवा दबून थेंब सोडणाऱ्या पिल्लाला रागावलात तर ते वाढतंच. आल्या आल्या त्याच्याकडे न बघता आत जा, खाली बसून मग जवळ घ्या.

पण दर वीस मिनिटांनी थोडी थोडी शू, कुंथणं, तिथे सारखं चाटणं, रंग लालसर यांतलं काही दिसलं तर शिकवणं बाजूला ठेवा. तो मूत्रमार्गाचा संसर्ग असू शकतो आणि औषधाशिवाय जाणार नाही. थेंबही पडत नसेल तर त्याच वेळी निघा. डॉक्टर नमुना मागतील. बुटक्या कुत्र्याखाली डबी जात नाही, स्वच्छ उथळ बशी मागून सरकवा. सकाळची पहिली शू घ्या, घट्ट झाकणाच्या डबीत ओता आणि क्लिनिक उघडेपर्यंत फ्रिजमध्ये ठेवा. डबीवर नाव मात्र ठळक लिहा.