दृष्टिबाधित विद्यार्थी आणि कॅड सॉफ्टवेअर : या चुका टाळा

संगणकावर स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरील मजकूर बोलून दाखवणारे सॉफ्टवेअर, बसवला की कॅड, म्हणजे संगणकावरील आरेखनाचे सॉफ्टवेअर, आपोआप बोलू लागेल, हा समज सर्वांत आधी सोडावा. स्क्रीन रीडर पडदा पाहत नाही. बटणे, मेनू आणि मजकूर यांविषयी सॉफ्टवेअर जी माहिती कार्यप्रणालीला पुरवते, तेवढीच तो वाचतो. कॅडमधील मुख्य आरेखनक्षेत्र म्हणजे ग्राफिक्स कार्डाने रंगवलेले ठिपके असतात, त्यामुळे मेनू व्यवस्थित वाचले जातात आणि मॉडेलपाशी आल्यावर शांतता पसरते. अशा वेळी एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर काढून जॉज हा दुसरा बसवण्यात दिवस घालवू नयेत, कारण दोष स्क्रीन रीडरचा नसतो.

दुसरी चूक चांगल्या हेतूने होते : शेजारी बसलेला सहाध्यायी चित्राचे वर्णन करतो आणि माउसही तोच चालवतो. मग आरेखन कोणाचे झाले? यंत्रभागाचे मर्म चित्रात नसून मापांत आणि त्यांच्या परस्परसंबंधांत असते. ओपनएसकॅड या आज्ञा लिहून आरेखन करण्याच्या कॅड सॉफ्टवेअरमध्ये हेच संबंध मजकुरात लिहिले जातात : ४० × २० × ५ मिमीची पट्टी एका ओळीत, तिच्यातून वजा करायचे भोक दुसऱ्या ओळीत.

असा लिहिलेला प्रोग्राम चालत नसेल, तर प्रथम विरामचिन्हे तपासावीत. एनव्हीडीएमध्ये विरामचिन्हे उच्चारण्याच्या नेहमीच्या पातळीवर कंस, स्वल्पविराम आणि अर्धविराम उच्चारले जात नाहीत. विद्यार्थ्याला केवळ ‘क्यूब चाळीस वीस पाच’ ऐकू येते आणि राहून गेलेला अर्धविराम कानाला कळतच नाही. एनव्हीडीए कळ आणि ‘पी’ दाबून पातळी ‘सर्व’वर न्यावी. ओपनएसकॅडच्या स्वतःच्या संपादकात वाचन अडखळत असेल, तर फाइल नोटपॅडमध्ये लिहावी आणि डिझाइन मेनूतील आपोआप पुन्हा वाचण्याचा पर्याय चालू ठेवावा. मोजलेली मूल्ये ‘एको’ आज्ञेने मजकुरात छापून घेता येतात, म्हणजे भोक काठापासून किती अंतरावर आले, हे कोणाला विचारावे लागत नाही.

अंशतः दृष्टी असलेल्यांची अडचण वेगळी असते, आणि ती बहुधा विसरली जाते. रेखाटन पूर्ण बांधले गेले आहे की नाही, म्हणजे त्याची सर्व मापे आणि स्थाने ठरली आहेत की नाही, हे अनेक सॉफ्टवेअर केवळ रेषेच्या रंगाने दाखवतात. रंगाच्या जोडीला शब्द किंवा रेषेचा प्रकार हवाच. रेषा आणि पार्श्वभूमी यांच्यातील कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळपणातील फरक, किमान ३:१ असावा, असे वेब सुलभतेचे निकष सांगतात; तोच हिशेब येथेही लावावा.

स्पर्शाने वाचण्याच्या उठावदार आकृतीत संपूर्ण आरेखन जसेच्या तसे उतरवणे ही तर हमखास होणारी चूक आहे. मापरेषा, छेदरेषा आणि मध्यरेषा एकत्र आल्या की बोटाखाली नुसता खडबडीतपणा उरतो. प्रत्येक दृश्य स्वतंत्र कागदावर घ्यावे, मापे ब्रेलमध्ये वेगळ्या यादीत द्यावीत आणि प्रत्येक कागदाचा वरचा उजवा कोपरा कापावा, म्हणजे तो उलटा धरला गेल्यास लगेच कळते.