दाणे टपोरे निवडले, पीक तेवढंच: नैसर्गिक निवड समजताना या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात माझ्या भाच्याने इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या गच्चीवर 'नैसर्गिक निवड' करून दाखवायचं ठरवलं. परिस्थितीत तगणाऱ्यांची संतती जास्त उरते आणि त्यांचे गुण पुढच्या पिढ्यांत वाढत जातात, ही डार्विनची कल्पना. सोयाबीनचं एकाच वाणाचं बियाणं आणलं, माझ्या स्वयंपाकघरातली चाळणी पळवली आणि टपोरे दाणे एकीकडे, बारीक एकीकडे केले. दोन्ही वेगवेगळ्या कुंड्यांत पेरले. दसऱ्याच्या सुमारास शेंगा सोलून दाणे तोलले, तर दोन्हीकडचे जवळपास सारखेच! "मावशी, डार्विन चुकला," असं म्हणून तो मोकळा.

डार्विन चुकला नव्हता, बियाणं चुकलं होतं. सोयाबीनच्या फुलात बहुतेक वेळा स्वपरागण होतं, म्हणजे फुलाला स्वतःचेच परागकण मिळतात, त्यामुळे एका वाणातली झाडं जनुकांनी जवळपास एकसारखी असतात. मग दाणे लहानमोठे का? कुठल्या झाडाला पाणी जास्त मिळालं, कुठला दाणा शेंगेच्या टोकाला अडकला, म्हणून. हा फरक डोळ्यांना दिसतो, पण पुढच्या पिढीत उतरत नाही. डेन्मार्कच्या विल्हेल्म योहान्सन यांनी १९०३ मध्ये घेवड्यावर हेच दाखवलं. एकाच बीपासून वाढवलेल्या वंशात त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मोठे दाणे निवडले, तरी सरासरी वजन हललं नाही. वेगवेगळ्या वंशांच्या मिश्रणातून निवडलं, तेव्हा मात्र फरक पडला. म्हणजे निवडीआधी विचारायचं ते असं: हे वेगळेपण आई-बापाकडून आलंय की कुंडीकडून?

इंदूरकरांना कंपोस्टच्या 'इंदूर पद्धती'मुळे अल्बर्ट हॉवर्ड हे नाव माहीत असतं. १९२४ मध्ये त्यांनी इथे संस्था उभारली. त्याआधी बिहारमधल्या पुसा इथे त्यांनी आणि पत्नी गॅब्रिएल यांनी गव्हाचे वाण निवडून काढले होते. ते जमलं, कारण शेतकऱ्यांच्या शेतातला गहू सरमिसळ होता. सगळा एकसारखा असता, तर निवडायचं काय?

दुसरी चूक उत्तरपत्रिकांत हमखास सापडते: 'औषधाची सवय झाली म्हणून जिवाणूंमध्ये बदल झाला.' आमच्याकडची मुलं शाळेत हिंदीतलं 'विभिन्नता' (म्हणजे वेगळेपण) पाठ करतात, घरी मराठीत 'सवय' म्हणतात, आणि दोन्हींची खिचडी होते. १९५२ मध्ये जोशुआ आणि एस्थर लेडरबर्ग यांनी मखमलीचा तुकडा शिक्क्यासारखा वापरून जिवाणूंच्या वसाहती एका बशीतून दुसऱ्या बशीत जशाच्या तशा उठवल्या. दुसऱ्या बशीत स्ट्रेप्टोमायसिन हे जिवाणू मारणारं औषध होतं. तिथे ज्या जागी जिवाणू टिकले, पहिल्या बशीतल्या त्याच जागचे जिवाणूही औषधाला दाद न देणारे निघाले. त्यांनी तर औषध पाहिलंही नव्हतं! वेगळेपण आधीच होतं. औषधाने बाकीचे मारले, एवढंच.

'उत्परिवर्तन यादृच्छिक' या वाक्याचाही घोळ होतो. उत्परिवर्तन म्हणजे जनुकांत होणारा बदल. यादृच्छिक म्हणजे जिवाच्या गरजेकडे न बघता होणारं. त्यातलं कोण टिकणार, हे मात्र नशिबावर सोडलेलं नसतं.

आणि एकटा जीव उत्क्रांत होत नाही. उन्हाळ्यात आपण काळवंडतो, तो उत्क्रांतीचा भाग नाही. पिढीगणिक समूहातलं प्रमाण बदलतं, ती उत्क्रांती.

शेवटची चूक शेतात दिसते, आणि ती मला सगळ्यात महागाची वाटते: 'उत्तम' ठरलेलं एकच ठेवून बाकीचं टाकून देणं. निवड स्वतःचंच भांडवल खाते. माळव्यात सोयाबीनवर पिवळा मोझॅक हा विषाणूचा रोग येतो, पांढरी माशी तो पसरवते. सगळीकडे त्याला बळी पडणारा एकच वाण असेल, तर अख्खं शेत पिवळं पडतं. तगून राहणारं झाड निवडायला वेगळं काही उरलेलंच नसतं.

यंदा भाच्याने चार वाणांचं बियाणं मिसळून पेरलंय. टपोऱ्या दाण्यांची पोरं टपोरी निघतात का, ते दसऱ्याला तोलून बघू. चाळणी मात्र त्याला स्वतःची घ्यायला लावली आहे.