मॉड्यूल झोपलंय, मग करंट कोण खातंय?

सेन्सर जोडलेलं, सेलवर चालणारं माझं रेडिओ मॉड्यूल. डेटाशीटमध्ये स्लीप करंट, म्हणजे झोपेत लागणारा करंट, दोन-तीन मायक्रोॲम्पिअर लिहिलेला. माझ्या मीटरवर ६४५. २२० मिलिॲम्पिअर-अवर्सचा बटण सेल वर्षभर चालेल या भरवशावर बसवला होता, तो तेराव्या दिवशी गेला. तेरावाच म्हणा की!

आधी मापायचं कसं ते सांगतो. मीटर मायक्रोॲम्पिअरच्या रेंजवर ठेवून मॉड्यूल सुरू केलं, की रेडिओ चालू होताना मीटरवरच व्होल्टेज पडतं आणि बोर्ड पुन्हापुन्हा रीसेट होतो. म्हणून मीटरला समांतर एक साधा स्विच लावा. बोर्ड झोपेपर्यंत तो जोडलेला ठेवा, म्हणजे मीटर शॉर्ट. झोपला की उघडा आणि आकडा वाचा. मग सेन्सरच्या वायरी एकेक करून काढत जा. माझ्याकडे एसडीए (सेन्सरशी बोलायच्या आयटूसी जोडणीतली डेटाची वायर; दुसरी एससीएल, क्लॉकची) काढल्याबरोबर आकडा धाडकन खाली आला.

चूक माझीच. ‘पिन लो (शून्य व्होल्टवर) केली की करंट वाचतो’ या समजुतीने झोपण्यापूर्वी एसडीए लो केली होती. वर ४.७ किलोओहमचा पुल-अप (लाइन पुरवठ्याकडे ओढून धरणारा रेझिस्टर), सेल ३ व्होल्टचा; भागाकार करा, ६४० मायक्रोॲम्पिअर. नशीब, एससीएल लो करायची विसरलो होतो! आयटूसीच्या दोन्ही पिना झोपताना इनपुट करा, पिन वाचणारा आतला बफर तोडता येत असेल तर तोडा. लाइन पुल-अपने वरच राहते, करंट वाहत नाही.

सेन्सरचा पुरवठाच तोडत असाल तर मात्र हिशेब उलटा. पुल-अप कायमच्या पुरवठ्यावर असतील, तर करंट सेन्सरच्या पिनांमधल्या संरक्षक डायोडमधून आत शिरतो. मी ‘बंद’ सेन्सरच्या पुरवठ्याच्या पिनवर १.९ व्होल्ट मोजलेत. धड जिवंत नाही, धड मेलेला नाही. पुल-अप सेन्सरच्याच तोडलेल्या पुरवठ्यावर घ्या आणि मॉड्यूलकडून त्या लाइनवर काही हाय ठेवू नका.

यूआर्टचं, म्हणजे सीरियल पोर्टचं, दुखणं वेगळं. एनआरएफ५२ सारख्या चिपमध्ये रिसीव्ह चालू राहिलं की जलद क्लॉकही जागाच राहतो. डीबगची एक ओळ छापण्यासाठी उघडलेला पोर्ट बंद करायचा राहतो, आणि शेकडो मायक्रोॲम्पिअर जातात. रिसीव्ह थांबवा, पेरिफेरल (चिपमधला यूआर्टचा भाग) बंद करा, आरएक्स म्हणजे रिसीव्हच्या पिनवर उतरत्या कडेचा इंटरप्ट लावा, म्हणजे लाइन खाली आली की चिप जागी होते. जागं होण्यात पहिला बाइट हरवतो, म्हणून समोरच्याला आधी एक फालतू बाइट पाठवायला सांगा. वेगही वाढवा: १०० बाइटना ९६०० बॉडवर १०४ मिलिसेकंद लागतात, १,१५,२०० वर नऊसुद्धा नाहीत. तेवढाच जागरणाचा वेळ कमी.

एसपीआय फ्लॅश (एसपीआय जोडणीवरची मेमरी चिप) असेल तर पॉवर-डाउनचा आदेश द्या, बहुतेक चिपना तो असतो. पण चिप-सिलेक्टला, म्हणजे चिप निवडणाऱ्या लाइनला, पुल-अप हवाच. ती लाइन तरंगत राहिली, तर फ्लॅश निवडली गेल्याच्या भ्रमात राहते आणि तुम्ही दोष देता बिचाऱ्या रेडिओला.