चेंडू कुठे, पाय किती: क्लबनुसार उभं राहण्याची तयारी

इथलं सगळं उजव्या हाताने गोल्फ खेळणाऱ्यांसाठी आहे. डावखुऱ्यांनी डावं-उजवं उलटं धरावं. रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, पहिलं काम म्हणजे दोन अलाइनमेंट स्टिक (दिशा जुळवायच्या सरळ काठ्या) मांडणं. एक बुटांच्या टोकांसमोर, लक्ष्याच्या रेषेला समांतर. दुसरी तिला काटकोनात, चेंडूच्या रेषेत दोन्ही पायांच्या मधून येणारी. चेंडू नेमका कुठे आहे हे ही दुसरी काठीच सांगते, कारण वरून पाहताना डोळे फसतात. डावा पंजा 30 अंश बाहेर वळवून बघा: टाचेसमोरचा चेंडू लगेच मागे गेल्यासारखा दिसतो, आणि माणूस त्याला उगाच पुढे, म्हणजे लक्ष्याच्या बाजूला, सरकवतो. माप टाचेवरूनच घ्या.

आता क्रम. आधी क्लबचा फेस (चेंडूला लागणारी सपाट बाजू) लक्ष्याकडे लावा, मग पाय जुळवून चेंडू मधोमध घ्या, आणि त्यानंतरच पाय फाकवा. वेजला (जवळच्या, उंच फटक्यांचा आखूड क्लब) दोन्ही पाय सारखेच सरकवा. टाचांमध्ये साधारण कमरेएवढं अंतर पुरतं. 7 नंबर आयर्नला (मधल्या अंतराचा लोखंडी क्लब) उजवा पाय डाव्यापेक्षा थोडा जास्त न्या, म्हणजे चेंडू मध्यापासून एक चेंडूभर डावीकडे राहतो. फेअरवे वूडला (जमिनीवरून लांब मारायचा क्लब) तो डाव्या टाचेपासून एक-दोन चेंडू आत. ड्रायव्हरला (सर्वात लांब मारणारा क्लब) डावा पाय जेमतेम इंचभर हलवा, उरलेलं सगळं अंतर उजव्याने घ्या. टाचा खांद्यांपेक्षा किंचित रुंद, चेंडू डाव्या टाचेच्या आतल्या कडेसमोर, आणि टीवर (चेंडू उंच ठेवायची छोटी खुंटी) अर्धा चेंडू ड्रायव्हरच्या माथ्याच्या वर दिसला पाहिजे.

या फरकाचं कारण स्विंगच्या तळात आहे. क्लबच्या वर्तुळाचा सर्वात खालचा बिंदू साधारण डाव्या काखेखाली येतो. आयर्नने त्याआधी, खाली येतानाच चेंडू लागायला हवा. डिव्हॉट, म्हणजे क्लबने उखडलेला गवताचा तुकडा, चेंडूच्या पुढे सुरू झाला तर जागा बरोबर आहे. ड्रायव्हर मात्र वर चढताना लागायला हवा. आयर्नला चेंडू फार पुढे ठेवलात तर क्लब आधी मातीत रुततो किंवा चढता चढता चेंडूच्या पोटाला लागतो. शिवाय त्याला गाठायच्या नादात खांदे डावीकडे उघडतात. असा शॉट डावीकडे ओढला गेला की लोक क्लब धरायची पकड बदलत बसतात. आधी चेंडूची जागा तपासा. ड्रायव्हरला चेंडू मागे राहिला तर फटका वरून बसतो आणि चेंडू उजवीकडे सुटतो.

चेंडूपासून किती लांब उभं राहायचं त्यासाठी ग्रिपचं (क्लबच्या मुठीचं) टोक आणि मांडी यांच्यामध्ये मूठ धरून बघा: वेजला एक मूठ, ड्रायव्हरला अंगठा ताणलेली मूठ. वजन आयर्नला दोन्ही पायांवर सारखं, ड्रायव्हरला उजव्यावर जरासं अधिक.

दर दहा-बारा चेंडूंनंतर काठ्यांवरून पुन्हा मोजा. जागा नकळत सरकते. प्रत्यक्ष राउंडमध्ये काठ्या बॅगेतच राहू द्या. गोल्फच्या नियम 10.2ब नुसार पाय जुळवायला जमिनीवर वस्तू ठेवून स्टान्स (उभं राहण्याची जागा) घेतला, तर फटक्याआधी ती उचलली तरी स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजायच्या प्रकारात) दोन फटक्यांचा दंड बसतो.