लठ्ठ उंदरांमधील इन्सुलिन-प्रतिरोध कसा मोजावा

मेदयुक्त आहार देऊन लठ्ठ केलेल्या उंदरांमध्ये इन्सुलिन-प्रतिरोध (इन्सुलिनला शरीराने कमी दाद देणे) मोजायला शिकणारा विद्यार्थी बहुधा सुई टोचण्याची धास्ती घेतो; तो हात सरावाने बसतो. निकाल फसतात ते तुलनेचा आहार, उपासाचा काळ आणि मात्रा या आधीच ठरवायच्या गोष्टींमध्ये, म्हणून संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीकडे पाठवायच्या प्रस्तावातच त्या कारणांसह लिहाव्यात.

या कामासाठी सी५७बीएल/६जे वाणाचे नर सर्रास वापरले जातात, कारण माद्यांपेक्षा त्यांच्यात लठ्ठपणा आणि ग्लुकोज-असहिष्णुता (रक्तातले ग्लुकोज सावकाश उतरणे) लवकर दिसते. सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून ६० टक्के उष्मांक मेदातून देणारा आहार १२ ते १६ आठवडे द्यावा. तुलनेच्या गटाला प्राणिगृहातले नेहमीचे खाद्य देण्याचा मोह टाळावा. त्यात गहू, सोयाबीन, तंतू असे बरेच काही वेगळे असते आणि मग दिसलेला फरक मेदाचा की तंतूंचा, हे सांगता येत नाही. त्याच घटकांपासून बनवलेला, साखरेचे प्रमाण जुळवलेला, १० टक्के उष्मांक मेदातून देणारा आहार हीच योग्य तुलना होय. मेदयुक्त आहार खवट होतो, म्हणून तो थंड जागी साठवावा आणि पिंजऱ्यातला वारंवार बदलावा. तो मऊ असल्याने भुशात चुरा सांडतो. तो चुरा न मोजल्यास उंदीर प्रत्यक्षापेक्षा अधिक खातात असे वाटते.

ग्लुकोज टोचून रक्तातली साखर कशी उतरते ते पाहणाऱ्या ग्लुकोज-सहनशीलता चाचणीसाठी उंदरांना सकाळी सातच्या सुमारास स्वच्छ पिंजऱ्यात हलवून पाच ते सहा तास उपाशी ठेवावे, पाणी मात्र चालू ठेवावे. रात्रभराचा उपास माणसाच्या तपासणीवरून उचललेली सवय आहे. उंदीर निशाचर असून मुख्यत्वे रात्री खातो. त्याची रात्र उपाशी गेली की यकृतातले ग्लायकोजेन (साठवलेले ग्लुकोज) जवळजवळ संपते, वजन लक्षणीय घटते आणि इन्सुलिनमुळे होणारा ग्लुकोजचा वापर, माणसाच्या उलट, वाढतो. जो दोष मोजायचा तोच अशा उपासाने झाकला जाऊ शकतो.

मात्रेच्या बाबतीत थोडे गणित करावे. किलोमागे २ ग्रॅम ग्लुकोज हा प्रघात धरल्यास २५ ग्रॅमच्या उंदराला ५० मिलिग्रॅम, म्हणजे २० टक्के द्रावण ०.२५ मिलिलिटर मिळते, तर ४५ ग्रॅमच्या लठ्ठ उंदराला ९० मिलिग्रॅम. दोघांमधले जादा वजन बहुतांशी चरबीचे असते. ग्लुकोज मुख्यत्वे शोषणारे स्नायू त्या प्रमाणात वाढलेले नसतात. लठ्ठ उंदराची रक्तातील साखरेची वक्ररेषा त्यामुळे काही अंशी मात्रेनेच उंच होते. शरीररचना मोजण्याचे यंत्र उपलब्ध असल्यास चरबीविरहित वजनावर, नसल्यास सर्वांना सारखीच मात्रा द्यावी, आणि कोणती पद्धत निवडली ते अहवालात स्पष्ट लिहावे.

शेपटीच्या टोकाला बारीक छेद घेऊन उंदराला शांत होऊ द्यावे, कारण हाताळणीच्या ताणानेही साखर वाढते. पहिला थेंब पुसून शून्य मिनिटाचे मोजमाप घ्यावे, पोटाच्या पोकळीत ग्लुकोज टोचावे आणि १५, ३०, ६०, ९० व १२० मिनिटांनी पुन्हा मोजावे. ग्लुकोमीटरची वरची मर्यादा बहुधा ६०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असते. यंत्राने त्यापुढे आकडा दाखवला नाही, तर ६०० लिहून मोकळे होऊ नये. शून्य आणि १५ व्या मिनिटाला इन्सुलिनसाठी थोडे रक्त जरूर घ्यावे, कारण साखर सारखी दिसत असूनही ती राखण्यासाठी लठ्ठ उंदीर अनेकदा जास्त इन्सुलिन स्रवत असतो.

इन्सुलिन टोचून साखर किती उतरते ते पाहणारी इन्सुलिन-सहनशीलता चाचणी किमान आठवड्याच्या विश्रांतीनंतर, साधारण चार तासांच्या उपासाने करावी. किलोमागे ०.७५ युनिट ही मात्रा बऱ्याचदा चालते. पण लठ्ठ गटाला पुरेशी असलेली मात्रा सडपातळ उंदराला धोक्यात आणू शकते, म्हणून ती आधी थोड्या उंदरांवर तपासावी. भारतात इन्सुलिनच्या कुप्या मिलिलिटरमागे ४० आणि १०० युनिट अशा दोन्ही तीव्रतेच्या मिळतात. लेबल न वाचता विरलन केले तर मात्रा अडीचपट चुकते. अति विरल इन्सुलिन प्लास्टिकला चिकटत असल्यामुळे द्रावणात किंचित अल्ब्युमिन (रक्तातले एक प्रथिन) घालावे आणि ते त्याच दिवशी बनवावे. ग्लुकोजची भरलेली सिरिंज शेजारी तयार असावी. उंदीर सुस्तावला किंवा झटके देऊ लागला तर वेळापत्रकाचा विचार न करता ती टोचावी आणि त्याची पुढची मोजमापे वगळावीत.

शेवटी यकृतातली चरबी तपासण्यासाठी ते काढताना सर्व गटांचा उपास सारखा ठेवावा, कारण उपासात चरबीपेशींतून सुटलेली स्निग्धाम्ले यकृतात येऊन तिथले ट्रायग्लिसराइड (साठवणीची चरबी) वाढवतात. एक तुकडा द्रवरूप नायट्रोजनमध्ये तत्काळ गोठवावा. चरबी रंगवणाऱ्या ऑइल रेड ओ रंगासाठी गोठवलेले काप लागतात. मेणात बसवलेल्या कापांतील चरबी अल्कोहोल आणि झायलीनमध्ये विरघळून गेलेली असते, आणि उरलेल्या पोकळ्यांवरून तिचा केवळ अंदाज करता येतो. रक्तातील कोलेस्टेरॉलचा अर्थही माणसाच्या मापाने लावू नये, कारण उंदरात एचडीएल या कोलेस्टेरॉलवाहू कणांतून ते इतर कणांकडे नेणारे सीईटीपी हे प्रथिन नसल्यामुळे त्याचे बहुतांश कोलेस्टेरॉल एचडीएलमध्येच असते.